पैसे नाहीत, घरी सांगायचं नाही. मग मदत मागू कुठे?

पत्र (थोडक्यात): मी १९ वर्षांची आहे. छत्रपती संभाजीनगरला बी.फार्मच्या पहिल्या वर्षाला शिकते, खोली करून आम्ही तिघी राहतो. गेले तीन आठवडे रात्री दोन-तीनपर्यंत झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही. मेसचा डबा तसाच परत जातो. प्रॅक्टिकलला हात थरथरतात, दोन विषयांत हजेरी कमी पडली आहे. एका खाजगी समुपदेशकांकडे चौकशी केली तर एका वेळचे १२०० रुपये सांगितले. भाडं आणि मेस जाऊन माझ्या हातात महिन्याला सहाशे उरतात. १४४१६ हा सरकारी नंबर दोनदा लावला. पहिल्यांदा भाषा निवडायला सांगितली तेव्हाच घाबरून फोन ठेवला. दुसऱ्यांदा ताईंनी 'काय त्रास होतोय?' असं विचारलं आणि मला नुसतं रडू आलं, बोलताच आलं नाही. मैत्रिणीने तिच्या आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धी दिली, ती दोनदा घेतली. कधी कधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं होईल. घरी कळलं तर वडील शिक्षण बंद करून परत नेतील. फुकट मदत खरंच मिळते का, आणि कुठे?

एक विद्यार्थिनी

*

तू लिहिलंस ते सगळं नीट वाचलं. 'सकाळी जागच आली नाही तर बरं' हे वाक्य तू घाईत लिहून पुढे गेलीस, आपण मात्र आधी तिथेच थांबू.

असा विचार खूप थकलेल्या मनात येतो. तो आला म्हणजे तू वाईट आहेस किंवा वेडी होते आहेस, असा त्याचा अर्थ नाही. पण तो कितपत पुढे गेला आहे हे तू स्वतःला खरं खरं विचार. नुसतं 'सगळं थांबावं' असं वाटतं, की कसं आणि कधी इथपर्यंत मन गेलंय? दुसरं असेल तर खालचं सगळं बाजूला ठेव आणि आजची रात्र एकटी राहू नकोस. खोलीतल्या एकीला तरी उठवून सांग: 'मला मरणाचे विचार येताहेत, आज माझ्याजवळ थांब.' ज्या वस्तूकडे अशा वेळी तुझं मन जातं ती तिच्या ताब्यात दे, तिला ती खोलीबाहेर न्यायला सांग. १४४१६ रात्री तीन वाजताही चालू असतो. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ सुद्धा. घाटी या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो, तिथे मैत्रिणीसोबत रिक्षाने गेलीस तरी चालतं. पोलीस केस होईल या भीतीने पुष्कळ मुलं घरातच राहतात, म्हणून हेही सांगून ठेवतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याच्या कलम ११५ नुसार जिवाचं काही करून घेण्याचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षा करत नाही. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलंच नाही. रुग्णालयात पोलीस जबाब घेतात, तेवढी पद्धत अजून आहे. त्याला घाबरून उपचार टाळू नयेत.

आता तुझा प्रश्न. हो, फुकट मदत मिळते, आणि तुझ्या शहरात चांगली मिळते. अडचण ती शोधण्याची नाही, नंबर तर तुला माहीतच होता. पहिल्या दारावर अडखळलं की मुलं समजतात, दार बंद आहे. तू दोनदा अडखळलीस. तिसऱ्यांदा फोन करायचा आहेच, पण फक्त फोनवर थांबायचं नाही. तीन आठवड्यांची झोप, भूक, थरथरणारे हात आणि मरणाचा विचार हे सगळं एकत्र असताना आमचा स्पष्ट सल्ला असा, की तू सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटावंस. फोनचा उपयोग तोपर्यंत तग धरायला आणि नंतर दोन तारखांच्या मधल्या दिवसांत.

आधी फोनचं बघू, कारण तो आज रात्रीच करता येतो. १४४१६ म्हणजे टेली मानस. केंद्र सरकारने ती सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. कॉलला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. भाषा निवडायला सांगतात तो रेकॉर्ड केलेला आवाज असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. मराठीसाठी सांगतील तो आकडा दाब आणि थांब. समोर येणारी व्यक्ती प्रशिक्षित समुपदेशक असते. ती वय, जिल्हा, त्रास काय आणि कधीपासून, झोप-जेवण कसं आहे, आणि मरणाचे विचार येतात का, हे विचारेल. शेवटचा प्रश्न सरळच विचारतात. तो विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, त्यामुळे उत्तर टाळू नकोस. समुपदेशकाला गरज वाटली तर ती तुला पुढच्या पातळीवरच्या तज्ज्ञाशी जोडून देते किंवा जिल्ह्यातल्या रुग्णालयाचं नाव सांगते. पुन्हा फोन करून विचारपूस करू का, असंही विचारतात; तुला चालत असेल तर हो म्हण, आणि कोणत्या वेळी खोलीत एकटी असतेस ते सांग.

रडू आलं तर काय करायचं? रड. समोरच्यांना त्याची सवय असते, ते थांबतात. पण पुन्हा तसंच होईल अशी भीती असेल तर चार ओळी कागदावर लिहून समोर ठेव आणि फोन लागला की फक्त वाचून दाखव:

'मी १९ वर्षांची आहे, संभाजीनगरला शिकते. तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, हात थरथरतात. कधी कधी मरावंसं वाटतं, पण काही ठरवलेलं नाही. मला बोलताना रडू येतं, थोडा वेळ द्या.'

शेवटची ओळ गाळू नकोस. आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आजची स्थिती वेगळी असेल तर ती जशी आहे तशी लिही.

फोनवर काय काय बिघडतं तेही माहीत असू दे. लाईन मध्येच तुटते; तशी तुटली तर पुन्हा लाव, दुसरी व्यक्ती मिळाली तर तोच कागद पुन्हा वाच. तीन मुलींच्या खोलीत मोकळं बोलता येत नाही. मग गच्चीवर किंवा कॉलेजच्या मैदानाच्या कडेला, दिवसाउजेडी बोल. कधी समोरची व्यक्ती ऐकण्याआधीच 'मोबाईल कमी बघ, व्यायाम कर' असं सुरू करते. तेव्हा 'ताई, आधी माझं पूर्ण ऐकून घ्या' असं म्हणायचा तुला हक्क आहे. तरीही जमलं नाही, तर नमस्कार करून फोन ठेव आणि थोड्या वेळाने परत लाव. एका व्यक्तीशी सूर जुळला नाही म्हणून सगळी सेवाच कुचकामी ठरत नाही.

बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जात असेल (तुझं पत्र वाचून तसं वाटतं) तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा आहे. तिचा नंबर ९१५२९८७८२१; ती ईमेलवरूनही विनामूल्य समुपदेशन करते. वेळा आणि पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घे. पुण्याच्या कनेक्टिंग संस्थेची ९९२२००११२२ ही लाईन दुपारी १२ ते रात्री ८ चालते. तिथे स्वयंसेवक असतात. ते उपचार करत नाहीत, सल्लाही देत नाहीत, मन लावून ऐकून घेतात. रात्री झोप न येण्याआधीची ती संध्याकाळची वेळ असते ना, जेव्हा छातीत धडधड सुरू होते, तेव्हा असं ऐकून घेणारं कुणी असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता रुग्णालय. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो.

तुझ्या शहरात दोन जागा आहेत. एक घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. तिथे स्वतंत्र मनोविकृती विभाग आहे, निवासी डॉक्टर असतात. दुसरी चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक मिनी घाटी म्हणतात. दोन्हींत पैशांचा फरक आहे. चिकलठाण्याचं रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात या विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते, तिथे केसपेपरचं नाममात्र शुल्क असतं. तुझ्या सहाशे रुपयांत दोन्ही बसतं. गर्दी घाटीत जास्त, पण डॉक्टरही जास्त. खोलीपासून जे जवळ असेल तिथे जा, कारण पाच-सहा वेळा जावं लागणार आहे आणि लांबच्या रिक्षाभाड्यापायी तिसऱ्या तारखेला मुलं जाणं सोडतात, हे नेहमीचं आहे.

सकाळची ओपीडी गाठायची. शक्यतो सोमवार टाळ, रविवारच्या सुट्टीनंतरची सगळी गर्दी त्या दिवशी असते. आधार कार्ड बरोबर ठेव. केसपेपरच्या खिडकीवर 'कुठे दाखवायचंय?' विचारतात, तिथे मोठ्याने 'मानसिक' म्हणायला संकोच वाटतो. 'झोपेच्या तक्रारीसाठी सायकिअ‍ॅट्रीला' एवढं म्हटलं की पुरतं. मोबाईल नंबर स्वतःचा दे, सवयीने वडिलांचा देऊ नकोस, कारण नोंदणीचे मेसेज त्या नंबरवर जातात. कुणी आभा क्रमांकाबद्दल (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) विचारलं तर तो ऐच्छिक असतो, तो नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत.

आत गेल्यावर निवासी डॉक्टर सगळी माहिती लिहून घेतील. 'सोबत कोण आलंय?' हा प्रश्न हमखास येतो. तो ऐकून पुष्कळ मुलींना वाटतं, आता घरी फोन जाणार. तसं नाही. तुला १८ पूर्ण आहेत, बाह्यरुग्ण विभागात दाखवायला पालकांची सही लागत नाही. 'खोलीतली मैत्रीण आलीय, घरचे गावी असतात, त्यांना सध्या कळवायचं नाही' असं सरळ सांग. आणि मैत्रिणीला खरोखर ने. रांगेत दोन तास एकटीने बसवत नाही, शिवाय डॉक्टरांनी सांगितलेलं अर्धं अशा मनःस्थितीत ध्यानात राहत नाही.

गुप्ततेचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यातल्या कलम २३ मध्ये आहे. तुझी माहिती कॉलेजला, घरी किंवा इतर कुणाला तुझ्या संमतीशिवाय देता येत नाही. अपवाद थोडे आहेत: तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोर्टाचा आदेश असेल. म्हणजे तू सांगितलेल्या विचारांनी उद्या ठाम बेताचं रूप घेतलं तर डॉक्टर कुणाला तरी बोलावतील. तेव्हा वडीलच असायला हवेत असं नाही, मामा, मावशी, मोठी बहीण, ज्यांच्यावर तुझा भरवसा आहे अशा एकाचं नाव आणि नंबर आधीच मनाशी ठरवून ठेव.

डॉक्टर बहुधा आधी रक्त तपासायला सांगतील, आणि त्यांनी नाही सांगितलं तर तू विचार. थायरॉईड, हिमोग्लोबिन, जमलं तर बी-१२. थायरॉईड वाढलं तर हात थरथरणं, धडधड, झोप उडणं हे सगळं होतं. रक्त कमी असलं तर उठवत नाही. आठवड्यांमागून आठवडे डबा परत जातोय, तेव्हा हे बघायलाच हवं. मनाचा त्रास खराच असतो, पण त्याच्यासोबत शरीरातली कमतरता असली आणि ती तशीच राहिली, तर कितीही बोललं तरी थकवा हटत नाही.

तू फार्मसीची विद्यार्थिनी आहेस म्हणून गोळ्यांबद्दल थोडं नेमकं. मैत्रिणीच्या आईची गोळी आता अजिबात घेऊ नकोस. घरोघरी असणाऱ्या झोपेच्या गोळ्या बहुतेक क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम अशा गटातल्या असतात. त्या त्याच रात्री गुण देतात, म्हणून फसगत होते. काही आठवडे रोज घेतल्या की त्यांची सवय लागते, आणि थांबवलं की झोप आधीपेक्षा वाईट होते. कोणती गोळी, किती, कधी घेतलीस हे डॉक्टरांना सांग. लपवलंस तर त्यांचा अंदाज चुकतो.

डॉक्टरांना नैराश्य किंवा चिंतेचा आजार वाटला तर ते एस्सिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटिन अशा गटातलं औषध सुरू करतील. ही औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि २०१७ च्या कायद्यानुसार या यादीतली मानसिक आजारावरची औषधं सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळायला हवीत. ती झोपेच्या गोळीसारखी त्या रात्री काम करत नाहीत. दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं दुखणं, थोडी अस्वस्थता होते, आणि 'औषधाने तर उलट वाढलं' म्हणून मुलं नेमकी तेव्हाच बंद करतात. मळमळीसाठी गोळी जेवणानंतर घेऊन बघता येते, ती बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते. एक गोष्ट मात्र गंभीर आहे: पंचविशीच्या आतल्या काहींना सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात, कमालीची बेचैनी येऊ शकते. तसं झालं तर तारखेची वाट न बघता परत जायचं. खोलीतल्या मैत्रिणीला हे आधीच सांगून ठेव म्हणजे तिचंही लक्ष राहील. बरं वाटायला लागल्यावरही हे औषध काही महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. आपल्या मनाने एकदम थांबवलं की चक्कर, चिडचिड होते, त्रास उलटण्याची शक्यता वाढते. या औषधाचं झोपेच्या गोळीसारखं व्यसन लागत नाही.

खिडकीवर कधी कधी 'हे शिल्लक नाही, बाहेरून आणा' अशी चिठ्ठी मिळते. बाहेर पडू नकोस. त्याच पावलांनी डॉक्टरांकडे परत जा आणि विचार, 'आत मिळेल असं दुसरं याच गटातलं आहे का?' बऱ्याचदा असतं. नसेलच तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेट, आणि शेवटचा उपाय म्हणून जनऔषधी केंद्र, तिथे हीच औषधं पुष्कळ स्वस्त असतात.

हे सगळं झाल्यावर एक उणीव राहते, ती लपवत नाही. सरकारी रुग्णालयात बोलण्याच्या उपचाराला वेळ कमी मिळतो. मानसशास्त्रज्ञ असतात, चांगले असतात, पण एका रुग्णाला वीस-पंचवीस मिनिटं आणि पुढची तारीख दोन-तीन आठवड्यांनी. तुझ्या वयाला आठवड्याला एकदा बोलणं जास्त उपयोगी. म्हणून जोडी लाव: निदान, औषध आणि देखरेख रुग्णालयातून, आणि दर आठवड्याचं बोलणं कॉलेजच्या समुपदेशकांशी. दोघांनाही एकमेकांबद्दल सांग.

'आमच्या कॉलेजात कुठले समुपदेशक?' असं तू म्हणशील. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. हॉस्टेल, वर्ग, संकेतस्थळ अशा सगळ्यांना दिसेल अशा जागी टेली मानससारखे नंबर मोठ्या अक्षरांत लावायचे आहेत. शिकवणी वर्गांनाही हे लागू आहे. बी.फार्मची चार वर्षं एकत्र धरली तर तुझं कॉलेज शंभराच्या वर सहज जातं. कार्यालयात जाऊन 'समुपदेशक कोणत्या वारी येतात?' एवढंच विचार, 'आहेत का?' असं विचारलं की 'नाहीत' हे उत्तर सोपं असतं. नसतीलच तर चार-पाच जणींनी मिळून प्राचार्यांच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्यावा, त्यात निकालाची तारीख लिहावी आणि आवक शिक्का मारून प्रत घ्यावी. कुणाला त्रास आहे हे त्यात लिहायची गरज नाही.

हजेरीचं वेगळं. केसपेपर आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर वैद्यकीय कारणाची रजा म्हणून अर्ज करता येतो. प्रमाणपत्रावर निदान न लिहिता 'उपचार सुरू आहेत' एवढंच लिहून द्याल का, असं डॉक्टरांना विचार.

वयाच्या एका फायद्याचाही उल्लेख करतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत स्वतंत्र केंद्रं आहेत, आपल्याकडे त्यांना मैत्री क्लिनिक म्हणतात. तिथे समुपदेशक असतात आणि गर्दी कमी असते. तू अजून त्या वयात बसतेस. चिकलठाण्याला गेलीस तर मैत्री क्लिनिक कुठे आहे ते विचारून घे. गावाकडच्या वाचकांसाठी: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येतं, तो दिवस आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारला तर कळतो. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावाने लोक दचकतात, पण तिथली रोजची ओपीडी कुठल्याही ओपीडीसारखीच, दाखवून घरी यायची. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण उपचार संस्था आहे.

हा भाग अठराच्या आतल्या मुलांसाठी, कारण तुझं पत्र तेही वाचतील. तुमचा हक्काचा नंबर १०९८, चोवीस तास. शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची मनोदर्पण ही लाईन आहे, ८४४८४४०६३२, सकाळी ८ ते रात्री ८. फोनवर कुणाशीही बोलता येतं, पण रुग्णालयात औषध सुरू करायला पालक लागतात. लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलंत तर ऐकणाऱ्यावर पोक्सो कायद्याने कळवण्याचं बंधन असतं. ते तुमच्याविरुद्ध नसतं, पण आधी माहीत असलेलं बरं. कर्जाच्या ॲपचा तगादा किंवा फोटोवरून धमक्या या कारणाने जीव नकोसा झाला असेल तर मनाच्या मदतीसोबत १९३० या सायबर लाईनवरही लगेच तक्रार करा, पैसे देऊ नका. दारू-गांजाची गोष्ट असेल तर १४४४६.

इन्स्टाग्रामवर 'पहिलं सेशन फ्री' म्हणणाऱ्यांपासून जरा सांभाळून. दुसऱ्या भेटीला दहा सेशनचं पॅकेज पुढे येतं. कुणीही स्वतःला समुपदेशक म्हणवून घेऊ शकतं, म्हणून शिक्षण काय आणि कुठे झालं हे विचारायला लाजू नये. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, ती संकेतस्थळावर तपासता येते.

राहिलं घर. आत्ता सगळं सांग असा आग्रह आम्ही धरणार नाही. पण लपवून ठेवण्यातही ताकद जाते, आणि तुझ्याकडे ती आत्ता फार नाही. घरातल्या ज्या माणसाशी बोलणं सोपं जातं त्यांना एवढंच सांगून बघ: 'मला तीन आठवडे झोप लागत नाही, सिव्हिलला दाखवलंय, रक्त तपासलं, औषध सुरू आहे, कॉलेज चालू आहे.' यात खोटं काही नाही. झोप न लागणं घरच्यांना कळतं, 'डिप्रेशन' या शब्दाने ते घाबरतात आणि घाबरले की परत बोलावतात. वाक्याच्या शेवटी 'कॉलेज चालू आहे' हे असू दे. वडिलांपर्यंत कधी आणि कसं जायचं, हे पुढे समुपदेशकांबरोबर बसून ठरवता येईल.

जाण्याआधी एक काम करून ठेव. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी मराठीत इंटरनेटवर मिळते. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती वेळा झाला याला ० ते ३ गुण द्यायचे, बेरीज २७ पर्यंत जाते. दहा किंवा वर आली तर डॉक्टरांना दाखवायला हवंच. कमी आली तरी नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, शून्याहून जास्त असेल तरी दाखवायचंच. हे निदान नव्हे, ते डॉक्टर करतील. पण भरलेला कागद पुढे ठेवला की रडू आलं तरी माहिती पोचते. दर दोन आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भर, म्हणजे औषध लागू पडतंय का हे आकड्यांत दिसेल.

आणि पहिल्याच दिवशी केसपेपरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेव. तो हरवला की पुढच्या तारखेला नवा कागद, नवे डॉक्टर आणि तीच सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते.